लॉयलिस्ट घराण्याचा माग कसा काढावा: अप्पर कॅनडातील जमिनीची दप्तरे आणि मुलींचे अर्ज

माझ्या सुनेचे माहेर कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या बे ऑफ क्विन्टी या उपसागराच्या काठचे आहे. लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत तिच्या आजींनी ‘आमचे लोक लॉयलिस्ट’ असे सांगितले, तेव्हा मी मान डोलावली खरी, पण त्या शब्दामागे काय आहे हे मला ठाऊक नव्हते. माझी सगळी नोकरी महाराष्ट्रात जमिनीच्या दप्तरांत गेली असल्यामुळे निवृत्तीनंतर इथे कॅनडात आल्यावर मी नातवंडांच्या आजोळचा माग काढायला घेतला आणि पाच वर्षांत एका गोष्टीची पुरेपूर खात्री पटली, ती अशी की लॉयलिस्ट घराणे शोधायचे तर आडनावामागे धावण्याआधी जमिनीमागे जावे, आणि जमिनीच्या कागदांतही लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीचा अर्ज सर्वांत आधी शोधावा. पुढचे मार्गदर्शन त्याच अनुभवातून लिहिले आहे आणि ते अप्पर कॅनडापुरते, म्हणजे आजच्या दक्षिण ऑन्टारियोपुरते मर्यादित आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १७७५ ते १७८३ या काळातल्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ज्या वसाहतवाल्यांनी ब्रिटिश राजाची बाजू सोडली नाही, त्यांना लॉयलिस्ट म्हणतात. ३ सप्टेंबर १७८३ रोजी पॅरिसचा तह झाला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ब्रिटिशांनी न्यूयॉर्क शहर रिकामे केले. (१७८१ मध्ये यॉर्कटाउनला शरण गेलेला कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९२ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत मराठ्यांच्या बाजूने उभा होता, तेव्हा हा इतिहास आपल्याला वाटतो तितका परका नाही.) बहुतेक निर्वासित, म्हणजे तीस हजारांहून अधिक, समुद्रमार्गे नोव्हा स्कॉशियाकडे गेले आणि त्यांच्यासाठी १७८४ मध्ये न्यू ब्रन्सविक हा वेगळा प्रांत काढण्यात आला. त्याहून बरेच कमी लोक क्वेबेक प्रांतात आले आणि त्यांतले पुष्कळसे प्रांताच्या पश्चिम भागात, म्हणजे सेंट लॉरेन्स नदीच्या वरच्या अंगाला, किंग्स्टनजवळ आणि नायगराच्या परिसरात वसवले गेले. हाच भाग १७९१ साली अप्पर कॅनडा झाला.

आपल्या शोधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तारीख मात्र ९ नोव्हेंबर १७८९ ही आहे. त्या दिवशी गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर यांच्या कौन्सिलने ठराव केला की, १७८३ च्या तहापूर्वी साम्राज्याच्या एकतेची बाजू घेतलेल्या कुटुंबांना मानाचे चिन्ह द्यावे आणि त्यांच्या मुलामुलींनाही जमीन मिळावी. नावापुढची ‘यू.ई.’ (युनिटी ऑफ द एम्पायर, म्हणजे साम्राज्याची एकता) ही अक्षरे याच ठरावातून आली. लॉयलिस्टाच्या मुलाला एकविसाव्या वर्षी आणि मुलीला एकविसाव्या वर्षी किंवा त्याआधी लग्न झाल्यास तेव्हा, २०० एकर जमीन मागता येऊ लागली. जमीन मागायची म्हणजे अर्ज करायचा आणि अर्जात बापाचे नाव लिहायचे. वंशावळ शोधणाऱ्याचे सगळे भाग्य या एका अटीत साठवलेले आहे.

पहिली पायरी: आजपासून मागे चला

नवशिक्यांची नेहमीची चूक अशी की ते लॉयलिस्टांच्या छापील यादीत आपले आडनाव शोधतात, ते सापडले की त्या माणसाला पूर्वज मानतात आणि तिथून खाली उतरत आपल्यापर्यंत येण्याचा प्रयत्न करतात. तसे करू नका. स्वतःपासून सुरुवात करून आई-वडील, आजी-आजोबा, पणजी-पणजोबा अशा क्रमाने मागे जावे आणि प्रत्येक पिढी मागच्या पिढीशी कोणत्या कागदाने जोडली जाते, हे त्या पिढीसमोर लिहून ठेवावे.

ऑन्टारियोत जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जुलै १८६९ पासून सुरू झाली, त्यामुळे तिथपर्यंतचा प्रवास तुलनेने सोपा आहे. विवाहाच्या नोंदीत वधूवरांच्या आई-वडिलांची नावे बहुधा मिळतात. त्यामागे जनगणना कामाला येते. १८५१ ची म्हणून ओळखली जाणारी जनगणना प्रत्यक्षात जानेवारी १८५२ मध्ये झाली आणि तिच्यात वय हे पुढच्या वाढदिवसाला किती होईल असे लिहिले आहे. हे ध्यानात न घेतल्यास जन्मवर्ष चुकते. तिची काही गावांची पाने गहाळही आहेत. १८७१ च्या जनगणनेत वडिलांच्या बाजूने मूळ कोणते, असा रकाना होता. तिथे इंग्रजी आडनावापुढे ‘जर्मन’ किंवा ‘डच’ लिहिलेले दिसले तर कान टवकारावेत, कारण न्यूयॉर्कच्या मोहॉक आणि हडसन खोऱ्यांतून आलेल्या अनेक लॉयलिस्ट कुटुंबांचे मूळ जर्मन किंवा डच होते.

घरात जुने बायबल असेल तर त्यातली जन्ममृत्यूची पाने पाहण्याआधी ते बायबल कोणत्या वर्षी छापले आहे ते पाहा. सुनेच्या आजींच्या बायबलात पहिली नोंद १७८६ ची आहे. बायबल मात्र १८३०च्या दशकात छापलेले आणि पहिल्या नऊ नोंदी एकाच शाईने, एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलेल्या. म्हणजे त्या आठवणीतून किंवा दुसऱ्या कागदावरून एका बैठकीत उतरवल्या होत्या. अशा नोंदी टाकाऊ नसतात, पण त्यांना दुसऱ्या पुराव्याचा आधार शोधावा लागतो.

दुसरी पायरी: लॉट आणि कन्सेशन

जनगणनेतून कुटुंब कोणत्या टाउनशिपमध्ये, म्हणजे मोजून आखलेल्या गावाच्या हद्दीत, होते ते कळले की जमिनीकडे वळावे. अप्पर कॅनडात टाउनशिप समांतर पट्ट्यांत विभागलेली असे, त्या पट्ट्याला कन्सेशन म्हणत आणि कन्सेशनमधल्या क्रमांकित तुकड्याला लॉट. आपल्याकडे गट नंबर असतो तसाच हा पत्ता समजावा. प्रत्येक लॉटसाठी नोंदणी कार्यालयाची एक अनुक्रमणिका असते आणि तिच्यात सरकारी सनदेपासून पुढचे सगळे व्यवहार ओळीने नोंदलेले असतात. फेरफार नोंदवही पाहिलेल्या माणसाला ती वाचायला शिकवावे लागत नाही. या नोंदवह्या आता स्कॅन होऊन ऑनलाइन पाहता येतात.

तीत पहिली ओळ पाहण्याचा मोह होतो, कारण तिथे सरकारकडून सनद घेणाऱ्याचे नाव असते. पण सनदा फार उशिरा निघत आणि तोपर्यंत साध्या चिठ्ठीवर जमीन दोनतीनदा हात बदललेली असे, म्हणून सनदेवरचा माणूस हा तिथे पहिल्यांदा राहिलेला माणूस असेलच असे नाही. हा घोळ निस्तरण्यासाठी १७९७ मध्ये वारस आणि हक्कदार ठरवणारे एक कमिशन नेमण्यात आले आणि त्याच्यापुढचे दावे पाहिल्यास मूळ धारकापासून वारसापर्यंतची साखळी मिळते.

व्यवहारांच्या ओळींत तीन गोष्टी शोधाव्यात. एक, बायकोचे नाव: नवऱ्याच्या जमिनीवर विधवेला आयुष्यभराचा तिसऱ्या हिश्श्याचा हक्क असे आणि जमीन विकताना तिला तो सोडून द्यावा लागे, म्हणून खरेदीखतात तिचे नाव येते. दोन, ‘ज्येष्ठ पुत्र आणि कायदेशीर वारस’ हे शब्द: १८५२ च्या सुरुवातीपर्यंत मृत्युपत्राशिवाय वारलेल्या माणसाची सगळी जमीन थोरल्या मुलाकडे जाई, त्यामुळे हे शब्द बाप-लेकाचे नाते थेट सिद्ध करतात. धाकट्या भावंडांचा तिथे उल्लेख नसतो. तेवढ्यावरून ती नव्हतीच असे मानू नये. तीन, एक रुपयासारख्या नाममात्र किमतीचे व्यवहार: पाच शिलिंगांना शंभर एकर गेले असतील तर विकणारा आणि घेणारा हे बहुधा नातेवाईक असतात.

तिसरी पायरी: अर्ज

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अप्पर कॅनडातले जमिनीचे अर्ज ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडा या संस्थेत आहेत, आडनावाच्या पहिल्या अक्षरानुसार त्यांची बंडले बांधलेली आहेत आणि नावांची सूची ऑनलाइन आहे. सूचीत नाव सापडले की खंड, बंडल आणि अर्ज क्रमांक टिपून घ्यावा आणि मायक्रोफिल्मच्या स्कॅन प्रतींत ते पान उघडावे. हे काम रटाळ आहे, एका रीळमध्ये शेकडो चित्रे असतात, पण अर्धा तास घालवून पान सापडले की शीण जातो.

मी पाहिलेल्या मुलींच्या अर्जांचा साचा जवळपास एकच असतो. अमुक टाउनशिपमध्ये राहणाऱ्या तमुक शेतकऱ्याची बायको असलेली अर्जदार नम्रपणे निवेदन करते की, ती अमुक टाउनशिपच्या, अमुक नावाच्या यू.ई. लॉयलिस्टाची मुलगी आहे, तिचे वय एकवीस पूर्ण आहे, तिला आजवर जमीन किंवा जमिनीचा हुकूम मिळालेला नाही, तरी तिला २०० एकर मिळावेत. खाली सही, किंवा लिहिता येत नसेल तर फुलीची खूण. या एका वाक्यात सासरचे आडनाव, माहेरचे आडनाव, नवऱ्याचे नाव, बापाचे नाव आणि दोन गावे आली. मुलाच्या अर्जात यातले निम्मे असते आणि ते बहुधा इतर कागदांतूनही मिळाले असते. पण १८०० सालच्या आसपास लग्न झालेल्या बाईचे माहेर सांगणारा दुसरा सरकारी कागद सहसा मिळत नाही.

अर्ज वाचून थांबू नका. कागदाची घडी घालून बाहेरच्या बाजूवर कारकून शेरे लिहीत आणि खरा मजकूर कित्येकदा तिथेच असतो: अर्ज कधी आला, कौन्सिलपुढे कधी वाचला, बापाचे नाव यू.ई. यादीत आहे असा दाखला मिळाला की नाही आणि शेवटी २०० एकरांची शिफारस. सुनेच्या खापरपणजीच्याही मागच्या एका आजीच्या अर्जावर आतल्या बाजूला बापाचे फक्त नाव होते. घडीच्या बाहेर, बारीक अक्षरात, त्याची पलटण लिहिलेली निघाली. स्कॅनमध्ये ही बाजू पुढच्या किंवा मागच्या चित्रात येते, म्हणून दोन्हीकडची चारदोन पाने चाळावीत. सोबत मॅजिस्ट्रेटचे प्रतिज्ञापत्रही असते आणि त्यात ओळख पटवणारा माणूस पुष्कळदा भाऊ, दीर किंवा शेजारी असतो.

एक सावधगिरी: मुलीला मिळालेले २०० एकर कुठे आहेत, यावरून ती कुठे राहत होती हे ठरवू नये. जवळची चांगली जमीन आधीच संपलेली होती, म्हणून हुकूम निघे तो पन्नासशंभर मैलांवरच्या जंगलासाठी, आणि अनेकींनी तो हक्क व्यापाऱ्याला किरकोळ रकमेत विकून टाकला.

चौथी पायरी: यादीतला बाप तोच का?

लेफ्टनंट गव्हर्नर सिमको यांनी १७९६ मध्ये लॉयलिस्टांनी आपला हक्क शपथेवर सिद्ध करावा असे फर्मान काढले आणि त्यातून पुढे यू.ई. यादी तयार झाली. तिच्या दोन प्रती आहेत, त्या एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत आणि काही नावांपुढे ‘वगळले’ किंवा ‘पुन्हा घेतले’ असे शेरे आहेत. यादीत नाव असणे हा भक्कम पुरावा आहे. पण तो त्या नावाच्या माणसाचा पुरावा आहे, तुमच्या पूर्वजाचा नव्हे. १७९०च्या दशकात स्वस्त जमिनीसाठी अमेरिकेतून आलेले पुष्कळ लोक होते आणि त्यांना पुढे उशिराचे लॉयलिस्ट असे काहीशा थट्टेने म्हटले गेले. त्यांची आणि खऱ्या लॉयलिस्टांची नावे एकसारखी असू शकतात.

मी स्वतः यात एक महिना वाया घालवला आहे. एकाच टाउनशिपमध्ये एकाच नावाचे दोघे होते, एकापुढे ‘सीनियर’ आणि दुसऱ्यापुढे ‘ज्युनियर’ असे होते आणि मी त्यांना बाप-लेक समजून पूर्ण शाखा रचली. त्या काळी हे शब्द नुसते गावातला थोरला आणि धाकटा एवढ्याच अर्थाने वापरत. हे दोघे चुलत भाऊही नव्हते. सुटका लॉट क्रमांकानेच झाली. तेव्हा एका नावाची दोन माणसे दिसली की प्रत्येक कागदावरचा लॉट वेगळ्या रकान्यात लिहावा. ‘लेट ऑफ’ म्हणजे कधी दिवंगत, तर कधी पूर्वी तिथे राहणारा. ‘सन-इन-लॉ’ म्हणजे कधी जावई, तर कधी सावत्र मुलगा. आणि ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिना, ‘अल्टिमो’ म्हणजे गेला महिना, हेही जवळ लिहून ठेवावे.

आडनावांच्या स्पेलिंगवर तर मुळीच विसंबू नये. न्यू जर्सीतले रायर्सन घराणे हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सॅम्युअल आणि जोसेफ हे दोघे भाऊ लॉयलिस्ट पलटणींत अधिकारी होते, युद्धानंतर दोघे न्यू ब्रन्सविकमध्ये गेले आणि १७९०च्या दशकात ईरी सरोवराकाठच्या लाँग पॉइंट परिसरात आले. लष्करी कागदात चूक झाल्यामुळे सॅम्युअलचे आडनाव ‘रायर्स’ असे पडले आणि त्याने ते तसेच ठेवले, असे सांगतात. पोर्ट रायर्स हे गाव त्याच्याच नावाचे आहे. जोसेफची मुले मात्र रायर्सनच राहिली आणि त्यांतलाच एक, १८०३ मध्ये जन्मलेला एगर्टन, पुढे ऑन्टारियोच्या शालेय शिक्षणाचा रचनाकार म्हणून ओळखला गेला, तर आदिवासी मुलांच्या निवासी शाळांशी त्याचे नाव जोडलेले असल्याने टोरोंटोतल्या त्याच्या नावाच्या विद्यापीठाने २०२२ मध्ये ते नाव सोडून दिले. केवळ एकाच स्पेलिंगने शोधणाऱ्याला हे दोघे सख्खे भाऊ आहेत हे कळलेच नसते. शिवाय हे कुटुंब दहाबारा वर्षे दुसऱ्या प्रांतात राहून आले, म्हणजे अप्पर कॅनडात १७८४ च्या नोंदी मिळाल्या नाहीत तर न्यू ब्रन्सविकची दप्तरे पाहावीत.

चर्चच्या नोंदींबद्दल थोडेच सांगतो, कारण त्या नशिबाने मिळतात. १७९३ च्या कायद्याने लग्न लावण्याचा अधिकार अँग्लिकन पाद्र्याला आणि तो १८ मैलांच्या आत नसेल तर मॅजिस्ट्रेटला होता. १७९८ मध्ये प्रेस्बिटेरियन, लुथरन आणि कॅल्व्हिनिस्ट पाद्र्यांना तो मिळाला आणि मेथडिस्टांना तर १८३१ पर्यंत थांबावे लागले. म्हणून पूर्वज मेथडिस्ट असला तरी त्याच्या लग्नाची नोंद अँग्लिकन किंवा प्रेस्बिटेरियन वहीत शोधावी. बे ऑफ क्विन्टीसाठी अर्नेस्टाउनचे जॉन लँगहॉर्न आणि गावोगाव फिरून लग्ने लावणारे रॉबर्ट मॅकडॉवल यांच्या नोंदवह्या अमूल्य आहेत.

पाचवी पायरी: १७८४ चा उन्हाळा

वंशावळ लॉयलिस्टापर्यंत पोहोचली की तो प्रत्यक्ष वसला तो क्षण गाठायचा. क्वेबेकमध्ये आलेल्या निर्वासितांना आधी सोरेल, माशिश अशा छावण्यांत ठेवले होते आणि १७८४ मध्ये पलटणी मोडून त्यांना पलटणीनुसार टाउनशिप दिल्या गेल्या. सर जॉन जॉन्सन यांची किंग्ज रॉयल रेजिमेंट ऑफ न्यूयॉर्क कॉर्नवॉलच्या आसपास आणि किंग्स्टनच्या पश्चिमेला वसली, जेसप यांच्या लॉयल रेंजर्सची वस्ती त्यांच्या शेजारी झाली, बटलर्स रेंजर्स नायगराला गेले आणि पीटर व्हॅन अल्स्टाइन यांच्याबरोबर न्यूयॉर्कहून आलेला जथा १६ जून १७८४ रोजी अॅडॉल्फसटाउनला उतरला. म्हणून टाउनशिप कळली की पलटणीचा अंदाज येतो आणि पलटण कळली की टाउनशिपचा.

सुरुवातीला कुटुंबप्रमुखाला १०० एकर आणि कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर असे प्रमाण होते, अधिकाऱ्यांना हुद्द्यानुसार जास्त. यावरून उलट हिशेब करता येतो: ३०० एकरांचा हक्क नोंदलेला असेल तर घरात प्रमुखाखेरीज चौघे होते. त्याला हजेरीपट आणि शिधावाटपाच्या याद्यांशी ताडून पाहावे. शिध्याच्या याद्यांत पुरुष, बायका, मुलगे, मुली यांची नुसती संख्या असते, मुलांची नावे नसतात, तरी १७८४ मध्ये दहा वर्षांखालचा एकच मुलगा असेल आणि तुमच्या वंशावळीत तीन असतील, तर कुठे तरी चुकले आहे. या याद्या गव्हर्नर हाल्डिमंड यांच्या दप्तरात आहेत; मूळ कागद ब्रिटिश लायब्ररीत आणि त्यांच्या प्रती ओटावात आहेत.

याच कागदांत इतर माणसेही भेटतात. किंग्स्टन आणि बे ऑफ क्विन्टीच्या परिसरातली जमीन ऑक्टोबर १७८३ मध्ये मिसिसागा या आदिवासी लोकांकडून करार करून घेतलेली होती. ब्रिटिशांच्या बाजूने लढलेल्या मोहॉक आदिवासींनाही आपला प्रदेश गमवावा लागला होता. ते टायंडिनागा आणि ग्रँड नदीकाठी वसले. आणि काही लॉयलिस्टांनी गुलाम बरोबर आणले होते. यादीत कुटुंबाच्या आकड्याशेजारी ‘नोकर’ दिसला तर तो पगारी होता असे गृहीत धरू नका. माझ्या सुनेच्या आजींना हे सांगताना मला अवघड गेले, पण त्यांनी ते वंशावळीत लिहायला लावले.

सहावी पायरी: सीमेपलीकडे

अमेरिकेतला मूळ ठावठिकाणा सांगणारा सर्वांत चांगला कागद म्हणजे नुकसानभरपाईचा दावा. ब्रिटिश सरकारच्या कमिशनने लंडनखेरीज हॅलिफॅक्स, सेंट जॉन, क्वेबेक आणि माँट्रियल इथेही साक्षी घेतल्या. दाव्यात जमीन किती, कोणत्या खोऱ्यात, गुरे किती, कुणी जप्त केली हे तपशिलाने असते आणि शेजारी साक्षीला आलेले असतात. हे कागद लंडनमध्ये क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. मात्र सगळ्यांनी दावे केले नव्हते. भाडेकरू शेतकरी आणि साध्या शिपायाजवळ दाखवण्यासारखे फारसे काही नसे. मग न्यूयॉर्कच्या १७७९ च्या जप्ती कायद्याखालची कागदपत्रे आणि डच, जर्मन चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या पाहाव्यात. बाप्तिस्म्याला उभे राहणारे धर्ममातापिता बहुधा मामा, मावशी किंवा काका असत, त्यामुळे आईच्या माहेराचा धागा तिथे सापडतो.

डीएनए चाचणीचा मोह अनेकांना होतो. सातआठ पिढ्यांमागच्या एका पूर्वजाचा अंश तुमच्यात उरलेला असेलच असे नाही. तिचा उपयोग जवळच्या शाखा पडताळण्यापुरता करावा.

शेवटी, प्रमाणपत्र हवे असेल तर १९१४ पासून चालत आलेल्या युनायटेड एम्पायर लॉयलिस्ट्स असोसिएशन ऑफ कॅनडा या संस्थेच्या स्थानिक शाखेकडे अर्ज करावा. वंश वडिलांकडून असो वा आईकडून, दोन्ही चालतात, पण प्रत्येक पिढीच्या प्रत्येक जोडाला पुरावा लागतो. आम्ही प्रत्येक पिढीसाठी एक स्वतंत्र पाकीट केले, त्यावर वर मुलाचे किंवा मुलीचे नाव, खाली आई-वडिलांचे आणि मध्ये कोणत्या कागदाने ते जुळतात ते लिहिले. आठ पाकिटांपैकी सातव्यात फक्त एकच कागद आहे: १८०७ साली फुलीची खूण करून दिलेला मुलीचा अर्ज. तपासणाऱ्यांनी त्याच्या दोन्ही बाजूंची प्रत मागितली.